पूच्या रिपोर्टमध्ये सगळीकडे ‘आर’ आलंय, आता काय?

प्रश्न थोडक्यात असा. वडील ६४ वर्षांचे, मधुमेह जुना. उजव्या पायाच्या अंगठ्याखाली तळव्याला जखम आहे, तीन महिने झाले तरी भरत नाही. चार वेळा वेगवेगळ्या गोळ्यांचे कोर्स झाले. शेवटी पू तपासायला दिला, तर त्यात एमआरएसए आणि स्यूडोमोनास असे दोन जंतू निघाले आणि औषधांच्या यादीत बहुतेक नावांपुढे ‘आर’, म्हणजे औषध चालणार नाही. स्यूडोमोनासच्या यादीत मेरोपेनेमपुढे ‘एस’ आहे, म्हणजे औषध चालेल, म्हणून १४ दिवसांची इंजेक्शनं सुचवली आहेत. ताप नाही, जेवण ठीक, हिंडतात-फिरतात. मुलाने तीन गोष्टी विचारल्या आहेत: इंजेक्शनं घ्यायचीच का, पाय जाईल का, आणि घरात दोन वर्षांची मुलगी आहे तिला हे लागेल का.

मी सर्जन आहे. मधुमेही पायाच्या जखमा हा माझ्या ओपीडीचा मोठा भाग आहे आणि असा कागद हातात धरून घाबरलेलं माणूस समोर बसलेलं जवळजवळ रोज दिसतं. पेशंट न तपासता औषध सांगणार नाही. पण हा कागद कसा वाचायचा आणि डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं, ते सांगतो.

तुमच्या प्रश्नात जंतूंची नावं आहेत, औषधांची आहेत, पण जखम दिसते कशी याबद्दल एक ओळही नाही. निर्णय तिथेच होतो. कुठल्याही उघड्या जखमेवर काही दिवसांत जंतू वस्तीला येतातच. तीन महिन्यांच्या जखमेतून काडी फिरवली आणि त्यात काहीच वाढलं नाही, तर मला लॅबची शंका येईल. जंतू असणं आणि जंतुसंसर्ग असणं या वेगळ्या गोष्टी. मधुमेही पायासाठी आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरलेली कसोटी साधी आहे: जखमेभोवती सूज, कडेपासून अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त पसरलेली लाली, गरमपणा, दुखणं किंवा दाबल्यावर दुखणं आणि पू, यांतली किमान दोन लक्षणं हवीत. ती नसतील तर रिपोर्टात कितीही भयंकर नाव येवो, अँटिबायोटिक द्यायचं नाही. ना गोळी, ना इंजेक्शन.

आपल्याकडे ही कसोटी लावताना दोन अडचणी येतात. मधुमेहाने पाय बधीर झालेला असतो, त्यामुळे दुखण्याचा भरवसा नाही. आणि सावळ्या कातडीवर लाली लाल दिसत नाही; काळपट, जांभळट झाक येते, कातडी ताणलेली आणि चमकदार दिसते. म्हणून हाताची मागची बाजू आधी चांगल्या पायाला आणि मग जखमेच्या पायाला लावून गरमपणातला फरक बघायचा. हे घरी तुम्हालाही करता येईल. पायाचा रक्तपुरवठाच कमी असेल तर मात्र आत संसर्ग असूनही वर फारसं काही दिसत नाही, म्हणून शेवटचा शब्द तपासणाऱ्याचाच.

आता नमुन्याबद्दल. पू ‘तपासायला दिला’ म्हणजे काय केलं? बहुतेक ठिकाणी ड्रेसिंग सोडलं की जखमेच्या वरच्या बुळबुळीत थरावर कापसाची काडी फिरवतात आणि नळीत घालून पाठवतात. त्या काडीवर पृष्ठभागावर राहणारे सगळे येतात, आत मांसात शिरून त्रास देणारा येईलच असं नाही. योग्य पद्धत म्हणजे आधी जखम सलाइनने धुवायची, मेलेलं मांस काढायचं आणि मग खालच्या जिवंत भागातला छोटा तुकडा किंवा खरवड पाठवायची. ते शक्य नसेल तर निदान जखम धुतल्यावर स्वच्छ भागावर काडी दाबून फिरवावी, म्हणजे आतला द्रव येतो. शिवाय नमुना अँटिबायोटिक सुरू करण्याआधीचा हवा. चौथा कोर्स चालू असताना घेतलेल्या नमुन्यात त्या औषधाला न जुमानणारेच उरलेले असणार, मग ‘आर’ची रांग लागल्याचं नवल नाही.

रिपोर्टाच्या वरच्या चार ओळी कोणी वाचत नाही. तिथे सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसलं ते असतं. पू-पेशी भरपूर आणि त्यांच्यासोबत एकाच प्रकारचे जंतू असतील तर त्या रिपोर्टाला वजन आहे. पू-पेशी तुरळक, कातडीच्या पेशी भरपूर आणि जंतू तीन-चार प्रकारचे असतील तर वरवरचा मळ तपासला गेला आहे असं समजा.

तुमच्या दोन जंतूंकडे येऊ.

एमआरएसए हा आपल्या नाकात आणि कातडीवर राहणाऱ्या स्टॅफिलोकोकस ऑरियसचाच हट्टी भाऊबंद. पेनिसिलिन बाजारात आल्यावर काही वर्षांतच रुग्णालयांतले स्टॅफ ते औषध तोडणारं एन्झाइम बनवायला लागले. त्यावर उतारा म्हणून १९५९ च्या सुमारास मेथिसिलिन आलं आणि १९६१ मध्ये इंग्लंडमधून त्यालाही न जुमानणाऱ्या स्टॅफची नोंद प्रसिद्ध झाली. तोच हा एमआरएसए. त्याने औषध तोडण्याची भानगडच ठेवली नाही. पेनिसिलिन गटातली औषधं जंतूच्या ज्या प्रथिनाला चिकटून त्याची भिंत बांधणं बंद पाडतात, ते प्रथिनच याने बदललं. औषधाला चिकटायला जागा उरली नाही. म्हणून ऑगमेंटिन, सेफिक्सिम, सेफ्ट्रियाक्सोन ही घरोघरी माहीत असलेली औषधं त्याच्यापुढे निरुपयोगी. आणि हे नीट वाचा: मेरोपेनेमही त्याच कुळातलं आहे. मेरोपेनेम कितीही महाग असो, एमआरएसएवर चालत नाही. म्हणजे तुम्हाला सुचवलेलं इंजेक्शन दोनपैकी एकाच जंतूसाठी आहे. डॉक्टरांनी विचार करून एमआरएसएला कातडीवरचा पाहुणा ठरवलं असेल तर ठीक, पण ‘दोन्हींपैकी त्रास कोण देतोय असं तुम्हाला वाटतं?’ हा प्रश्न त्यांना जरूर विचारा.

एमआरएसएवर पर्याय बरेच आहेत: व्हँकोमायसिन, टिकोप्लॅनिन, लिनेझोलिड, आणि रिपोर्ट अनुकूल असेल तर डॉक्सिसायक्लिन, को-ट्रायमॉक्साझोल किंवा क्लिंडामायसिनसारख्या जुन्या, स्वस्त गोळ्याही. क्लिंडामायसिनपुढे ‘एस’ आणि एरिथ्रोमायसिनपुढे ‘आर’ असेल तर लॅबने ‘डी टेस्ट’, म्हणजे क्लिंडामायसिनला जंतू पुढे दाद देईनासा होईल का ते दाखवणारी चाचणी, केली का ते बघा. ती न करता दिलेला ‘एस’ फसवा असू शकतो.

स्यूडोमोनास वेगळ्या स्वभावाचा. ओल असेल तिथे तो असतो: सिंक, बादली, ह्युमिडिफायर, दिवसेंदिवस न बदललेलं ओलं ड्रेसिंग. पट्टीवर हिरवट डाग आणि एक विचित्र गोडसर वास आला की नर्ससुद्धा नाव सांगतात. याच्या बाबतीत लोक उगाच घाबरतात ते असं. ऑगमेंटिन, सेफ्ट्रियाक्सोन, डॉक्सिसायक्लिन, को-ट्रायमॉक्साझोल ही औषधं त्याच्यावर कधीच चालत नव्हती. त्याच्या बाहेरच्या आवरणातून ती धड आत शिरत नाहीत आणि जी शिरतात त्यांना तो पंपाने बाहेर फेकतो. हा त्याचा जन्मजात गुण आहे. काही लॅब या औषधांपुढेही ‘आर’ छापतात आणि यादी लालेलाल दिसते. ती नावं वगळून मोजा. सेफ्टाझिडिम, पायपेरासिलिन-टॅझोबॅक्टम, अमिकासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, मेरोपेनेम यांपुढे काय आहे तेवढंच पाहा. मेरोपेनेमला दाद न देणारा स्यूडोमोनास जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या यादीत सर्वांत गंभीर गटात होता. २०२४ च्या यादीत तो एक पायरी खाली आणला गेला. तुमच्या वडिलांचा जंतू तर मेरोपेनेमला दाद देतोच आहे. ‘सुपरबग’ वगैरे शब्द घरात वापरू नका.

‘एस’ची निवड करताना आणखी एक गफलत होते. रिपोर्टात औषधापुढे एमआयसी नावाचा आकडा असतो, म्हणजे जंतूची वाढ थांबवायला लागणारं कमीत कमी औषध, आणि सगळ्यांत लहान आकडा ज्याचा ते सगळ्यांत जोरदार औषध, असं नातेवाईकच काय, काही डॉक्टरही समजतात. प्रत्येक औषधाची मर्यादा वेगळी असते, दोन औषधांचे आकडे एकमेकांशी ताडायचे नसतात. ज्या औषधांपुढे ‘एस’ आहे, त्यांतलं सगळ्यांत साधं, पेशंटच्या किडनीला झेपणारं आणि जखमेपर्यंत पोचणारं औषध निवडायचं. सेफ्टाझिडिमला ‘एस’ असताना मेरोपेनेमकडे धावण्याचं कारण मला सहसा दिसत नाही. मेरोपेनेम ज्या गटात येतं त्या कार्बापेनेम गटातली औषधं राखून ठेवण्यासारखी आहेत. त्यांना तोडणारं एनडीएम-१ एन्झाइम भारतात उपचार घेऊन गेलेल्या एका स्वीडिश रुग्णात २००८ मध्ये सापडलं, तेव्हापासून आपल्या आयसीयूंमध्ये कोलिस्टिनपर्यंत जाण्याची वेळ वारंवार येते. कोलिस्टिन हे किडनीला इजा करतं म्हणून मागे पडलेलं जुनं औषध. त्याची इतकी गरज भासू लागली की २०१९ मध्ये सरकारला कोंबड्या आणि जनावरांच्या खाद्यात ते वापरायला बंदी घालावी लागली.

बरं, धरून चालू की औषध अचूक निवडलं. तरी ते पोचणार कसं? गोळी असो वा इंजेक्शन, औषध रक्तातूनच जातं. मेलेल्या, पांढरट-काळ्या मांसात रक्त जात नाही, तिथे मेरोपेनेमही जात नाही. वरून जुन्या जखमेत जंतू चिकट थर करून राहतात. त्या थरातला जंतू, लॅबच्या ताटलीत ‘एस’ असूनही, कित्येक पट जास्त औषध पचवतो. चार कोर्स फुकट जाण्याचं कारण बहुधा इथे आहे, जंतूच्या नावात नाही. या थराला ब्लेड आणि क्युरेट, म्हणजे खरवडायचं चमच्यासारखं हत्यार, हेच औषध. मेलेलं मांस आणि कडेचा जाड घट्टा नियमित काढायला हवा, बहुतेक वेळा दर आठवड्याला, आणि बधीर पायाला त्यासाठी भूल लागतेच असं नाही. तीन महिन्यांत हे किती वेळा झालं? तुमच्या प्रश्नात उल्लेख नाही, म्हणून विचारतो.

त्याच्या जोडीने हाड तपासा. बोथट सळई जखमेत घातली आणि कडक लागलं तर हाडापर्यंत संसर्ग गेल्याची शक्यता मोठी. एक्स-रेमध्ये फरक दिसायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून जुना ‘नॉर्मल’ एक्स-रे पुरेसा नाही, पुन्हा काढा. ईएसआर ही रक्ताची तपासणी ७० च्या वर असेल तर संशय आणखी वाढतो. हाड गुंतलं असेल तर सगळं गणितच बदलतं: हाड न काढता औषधावर भागवायचं तर साधारण सहा आठवडे लागतात, उलट बाधित तुकडा पूर्ण काढला तर काही दिवसांत औषध थांबवता येतं. हाड नसेल आणि फक्त मांसात संसर्ग असेल तर एक ते दोन आठवडे. आणि ही मुदत लाली-सूज-पू जाईपर्यंतची असते. जखम भरेपर्यंत अँटिबायोटिक चालू ठेवणं ही आपल्याकडची जुनी खोड आहे. जखम भरायला महिने लागतात आणि तेवढ्यात आपण हाताने पुढचा ‘आर’ तयार करतो.

रक्तपुरवठा बघितला का? घोट्याच्या दाबाची नेहमीची तपासणी मधुमेहात फसवते, कारण रोहिण्या चुन्यासारख्या कडक होऊन आकडा खोटा चांगला येतो. बोटातला दाब मोजता आला तर उत्तम, नाहीतर कलर डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी. पुरवठा कमी असेल तर आधी रक्तवाहिन्यांचे सर्जन, बाकी सगळं नंतर.

आणि ज्याच्याबद्दल मला सगळ्यांत जास्त बोलायचं आहे ते म्हणजे दाब. तुम्ही लिहिलंय ‘हिंडतात-फिरतात’. अंगठ्याखालच्या जखमेवर रोज हजारो पावलं पडतात आणि बधीर पायाला ते कळत नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात पॉल ब्रँड यांनी १९४६ नंतर कुष्ठरुग्णांच्या बधीर पायांवर काम करताना हेच दाखवून दिलं: तळव्याचे हे व्रण कुष्ठाचे जंतू पाडत नाहीत, तोच तोच दाब पाडतो, आणि पाय प्लॅस्टरमध्ये ठेवून दाब वाटून टाकला की वर्षानुवर्षांचे व्रण भरतात. मधुमेही पायालाही तेच लागू पडलं. आज गुडघ्यापर्यंतचं, पेशंटला स्वतःहून काढता न येणारं प्लॅस्टर किंवा बूट हा अशा व्रणाचा पहिला उपचार मानला जातो. मात्र संसर्ग जोरात असेल किंवा रक्तपुरवठा कमी असेल तर आधी ते निस्तरायचं. एमसीआर, म्हणजे खास मऊ रबराची, चप्पल चांगली, पण ती जखम भरल्यावर पुन्हा होऊ नये म्हणून. चालू जखमेला ती पुरत नाही. चौदा दिवसांच्या मेरोपेनेमचा खर्च करायची तयारी असलेली कुटुंबं प्लॅस्टर म्हटलं की ‘चालायचं कसं?’ म्हणतात. नाहीच चालायचं, किमान कमी चालायचं. देवपूजेसाठी अनवाणी उभं राहणंसुद्धा यात धरा.

साखरेबद्दल तुम्हाला ठाऊक आहेच. संसर्ग असेपर्यंत गोळ्यांऐवजी इन्सुलिन सुचवलं तर नाही म्हणू नका.

जखमेत काय घालायचं यावरून घरोघरी प्रयोग चालतात. कॅप्सूल फोडून पूड टाकणं, जेंटामायसिनचं इंजेक्शन ओतणं, पिवळ्या मलमाच्या ट्यूबवर ट्यूब: यातून जखमेला फायदा नाही आणि जंतूला औषधाची ओळख होते. हळद, चुना, तंबाखू नको. पूड बसून खालचा तळ दिसत नाही. कोमट पाण्यात मीठ घालून पाय बुडवून बसणं तर बंदच करा, बधीर पाय भाजतो आणि ओल स्यूडोमोनासला आवडते. हिरव्या स्रावासाठी आम्ही ठराविक तीव्रतेचं पातळ अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड काही दिवस वापरतो, स्वस्त आहे आणि काम करतं. स्वयंपाकघरातलं व्हिनेगर अंदाजाने ओतू नका.

लिनेझोलिडबद्दल सावध करतो, कारण एमआरएसए वाचलं की केमिस्टपासून सगळे तेच सांगतात. औषध उत्तम आहे. गोळी पोटातून जवळपास पूर्ण शोषली जाते, त्यामुळे इंजेक्शनची गरज क्वचितच. पण दोन आठवड्यांपुढे प्लेटलेट घसरू शकतात, दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं, नैराश्याच्या काही गोळ्यांशी त्याचं जमत नाही. आणि औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवर आज ज्या मोजक्या गोळ्यांवर भिस्त आहे त्यांत हे एक आहे. टीबी एवढा असलेल्या आपल्या देशात ते पायाच्या पृष्ठभागावरच्या जंतूवर उधळणं मला पटत नाही.

टीबी निघालाच आहे तर वाचणाऱ्या इतरांसाठी एक आडवाटेची गोष्ट. पित्ताशय, अपेंडिक्स किंवा हर्नियाचं दुर्बिणीचं ऑपरेशन होऊन टाके छान भरले आणि तीन-चार आठवड्यांनी, कधी त्याहूनही उशिरा, त्याच छिद्रापाशी गाठ येऊन पाणी झिरपू लागलं, ताप नाही, नेहमीचा कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहायची तपासणी, ‘काही वाढलं नाही’ म्हणतो आणि औषधामागून औषध फुकट जातं, असं असेल तर टीबीच्या दूरच्या नात्यातल्या, पाण्यात राहणाऱ्या मायकोबॅक्टेरियांची तपासणी मुद्दाम सांगून करून घ्या. दुर्बिणीची उपकरणं नुसती रसायनात बुडवून मग नळाच्या पाण्याने धुतली की हे जंतू येतात. नेहमीच्या अँटिबायोटिकला ते दाद देत नाहीत, टीबीच्या नेहमीच्या गोळ्यांनाही बहुधा नाही. क्लॅरिथ्रोमायसिन, अमिकासिन वगैरे काही महिने द्यावी लागतात आणि बरेचदा तो भाग कापून काढावा लागतो. इथे ‘आर’चा कागद नसतोच, कारण जंतू शोधलेलाच नसतो.

तर मेरोपेनेम घ्यायचं का? लाली-सूज-पू खरोखर असेल, जखम साफ करून आतला नमुना पाठवला असेल, त्यातही स्यूडोमोनासच आला असेल आणि साधं औषध चालत नसेल, तर घ्या, आणि मग पैशांकडे पाहू नका. आपल्या हवामानात मधुमेही पायात स्यूडोमोनास खरा गुन्हेगार असू शकतो, त्याला कायम पाहुणा समजणंही चूक. पण वडिलांना ताप नाही, खातात-पितात, तेव्हा दोन-तीन दिवस थांबून नीट नमुना घ्यायला बहुधा वेळ आहे. शक्य असेल तर चालू गोळी डॉक्टरांना विचारून थांबवा आणि मग नमुना द्या.

पाय जाईल का? पाय सहसा रक्तपुरवठा तुटल्याने किंवा खोल पसरलेला पू उशिरा उघडल्याने जातो. रिपोर्टातल्या ‘आर’मुळे थेट जाणारे पाय मी फार थोडे पाहिले. हाड गुंतलं असेल तर अंगठ्याखालचं एखादं छोटं हाड काढावं लागेल, त्याला घाबरू नका. वेळेवर काढलेल्या छोट्या हाडाने पाय वाचतो. लाली चढत घोट्याकडे निघाली, बोट काळं पडलं, फोड आले, दाबल्यावर कुरकुर आवाज आला, थंडी वाजून ताप आला किंवा वडील असंबद्ध बोलू लागले, तर त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात. बधीर पाय अचानक दुखायला लागला तरी हाच नियम.

नातीला जवळ घ्यायला हरकत नाही. धडधाकट मुलाला जखमेतला स्यूडोमोनास सहसा काही करत नाही. एमआरएसए हातांवरून जाऊ शकतो, म्हणून ड्रेसिंग करणाऱ्याने आधी आणि नंतर साबणाने हात धुवायचे, वडिलांचा टॉवेल वेगळा ठेवायचा, जुनी पट्टी पिशवीत बांधून टाकायची, मुलीच्या अंथरुणावर बसून ड्रेसिंग करायचं नाही. वेगळी खोली, वेगळी भांडी यांची गरज नाही. मुलीला एक्झिमा असेल, घरात कोणी डायलिसिसवर असेल किंवा कोणाचं नुकतंच ऑपरेशन झालं असेल, तर त्यांच्या डॉक्टरांच्या कानावर एमआरएसएची गोष्ट घाला.